चौथी खुंटी

१

जमिनीवर काटकोन काढायला दोन माणसं लागतात. एकानं टेपची कडी खुंटीवर धरायची, दुसऱ्यानं पलीकडच्या टोकाला बसून आकडा वाचायचा. आमच्यात दादा वाचायचा आणि मी धरायचो. असं कधी ठरलं नव्हतं. मी कामाला लागलो त्या दिवशी त्यानं कडी माझ्या हातात दिली आणि पुढची पस्तीस वर्षं ती माझ्याकडेच राहिली. बांधकामावर मला सगळे बारक्या म्हणतात. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी मी आपला बारक्याच.

दादाला जाऊन पाच महिने झाले होते. त्याच्या घरामागं थोडी मोकळी जागा आहे, तिथं वहिनीला शिवणकामासाठी एक खोली हवी होती. बारा फूट लांब, नऊ फूट रुंद, एक दार, दोन खिडक्या. "घरात मशीन मांडलं की आलेल्या माणसाला बसायला जागा उरत नाही," ती म्हणाली. खरं कारण मला ठाऊक होतं. मशीन होतं त्याच खोलीत दादाची खुर्ची होती, आणि त्या खुर्चीकडे पाठ करून तिला शिवता येत नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. दादासाठी काहीतरी करायचं माझ्याकडून राहून गेलं होतं, आणि ते असं विटा-सिमेंटात फेडता आलं तर मला हवंच होतं.

पहिल्या दिवशी दुपारी एकटाच गेलो. आखणी ही काही मोठी विद्या नाही. घराच्या भिंतीपासून सारखं अंतर सोडून दोन खुंट्या ठोकल्या, मधे सुतळी ताणली, बारा फूट. मग पहिल्या खुंटीशी गुण्या ठेवला. गुण्या म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या. माझा लाकडी आहे, हातभर नव्हे, चांगला तीन फुटांचा, मी स्वतः सुताराच्या डोक्यावर बसून करून घेतलेला. त्याच्या पट्टीच्या रेघेत नऊ फूट मागं गेलं की चौथी खुंटी. उरलेल्या दोन बाजू मोजल्या की तिसरी. झाला चौकोन.

यानंतर कर्ण घ्यायचे असतात. समोरासमोरचे कोपरे तिरपे मोजायचे, दोन्ही मापं सारखी आली तर चौकोन खरा. बारा-नऊच्या खोलीत ती नेमकी पंधरा-पंधरा यायला हवीत. एकट्यालाही हे करता येतं, खुंटीवरच्या खिळ्याला कडी अडकवून. पण कडी सुटते, परत यावं लागतं, उठा, बसा, पुन्हा उठा. माझा कंटाळा नडला. गुण्या हाताशी असताना कर्ण कशाला, असं म्हणून मी हातपाय धुतले आणि घरी गेलो.

२

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला गेलो तर मागच्या पायरीवर चहाचा कप होता. वर साय धरलेली.

"गार झाला असेल," वहिनी आतून म्हणाली. "उजाडताच आलात, ठोकाठोक केलीत, आणि चहा न घेता गेलात तरी कुठं?"

"मी? मी आत्ता येतोय, वहिनी."

"मग ठोकत कोण होतं?"

मी म्हटलं, शेजारी काम चाललं असेल. शेजारी काम चाललेलं नव्हतं हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

मग माझं लक्ष सुतळीकडे गेलं. पस्तीस वर्षं एकच काम केलं की डोळ्याला सवय लागते. आपण ताणलेली दोरी हलली की टोचतं. पुढच्या दोन खुंट्या जागेवर होत्या. मागच्या दोन, तिसरी आणि चौथी, दोन बोटं सरकल्या होत्या. दोन्ही एकाच बाजूला, सारख्याच. आणि काल जिथं मी त्या ठोकल्या होत्या तिथली भोकं मातीनं भरून वरून टाचेनं दाबलेली होती. टाचेचे अर्धगोल स्पष्ट दिसत होते.

कुत्रं, मी म्हटलं. कुत्रं खुंटी उपटू शकतं. पण ती दोन बोटांवर पुन्हा ठोकून, सुतळीला फास देऊन, भोक बुजवणारं कुत्रं मी तरी पाहिलेलं नाही. मग म्हटलं जमीन फुगली असेल. जमीन फुगली तर भोकं कोण भरणार? मग म्हटलं, बारक्या, तुझंच काहीतरी चुकलं असेल काल, वय झालं. हे मला सगळ्यात सोयीचं वाटलं. मी गुण्या आणून लावला. गुण्या स्वच्छ सांगत होता, सरकलेली खुंटी चूक. मी दोन्ही उपटल्या, माझ्या जागी पुन्हा ठोकल्या, आणि या वेळी चार ठोके जास्तच घातले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा दोन बोटं सरकलेल्या होत्या. आदल्या दिवशीच्याच भोकात. एक दोराभरही इकडेतिकडे नाही. मी त्या परत माझ्या जागी आणून ठोकल्या.

टाच दाबून भोक बुजवायची सवय मला नाही. मी पायानं माती लोटतो आणि पुढं जातो. दादा त्यावरून मला बोलायचा.

३

आता जे सांगतोय ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका बांधकामावर आम्ही दिवसभर आखणी केली. टेपनं, नेहमीसारखी. कर्ण घेतले, जुळले. दादा घरी गेला. मी सामान गोळा करत मागं राहिलो, आणि सहज, अगदी सहज, एका कोपऱ्याला माझा लाकडी गुण्या लावून बघितला. कोपरा बसेना. दुसऱ्या खोलीचा बघितला, तोही बसेना.

त्या दिवसांत दादाचा हात थरथरायला लागला होता. कपातला चहा निम्मा बशीत यायचा. मी तिथल्या तिथं मनाशी निकाल लावून टाकला. हात गेला, नजर गेली, म्हातारा आकडा चुकीचा वाचतोय आणि मी खाली मान घालून कडी धरतोय. त्याला सांगायचं धाडस झालं नाही. मग मी काय केलं, खुंट्या सरकवल्या. गुण्या सांगेल तिथं. दुसऱ्या दिवशी दादानं त्याच खुंट्यांवरून पाया खणवला. त्याला कळलं नाही, कारण कर्ण कालच जुळले होते.

असं मी चार कामांवर केलं. रोज संध्याकाळी त्याची पाठ वळली की मी त्याची चूक गुपचूप नीट करायचो, आणि खरं सांगतो, मला स्वतःचं कौतुक वाटायचं. भावाची अब्रू झाकतोय म्हणून.

मग फरशीवाल्यानं बोंब मारली. खोल्या वाकड्या आहेत, भिंतीकडची फरशी एका टोकाला अख्खी बसते आणि दुसऱ्या टोकाला पाचरीसारखी कापावी लागते. मला वाटलं, मी एवढं निस्तरूनही ही तऱ्हा, तर दादाच्या मूळ आखणीत काय गोंधळ असेल! मुकादमानं सगळ्यांना बोलावलं. तिथं, दादाच्या तोंडावर, मी म्हणालो, "दादाला आता घरी बसू द्या. त्याचा हात राहिला नाही."

दादानं कप दोन्ही हातांत धरला होता. तो मला एवढंच म्हणाला, "कर्ण आपण दोघांनीच घेतले होते ना रे?"

"घेतले होते," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"मग माझ्याच वाचण्यात चुकत असणार."

त्या वेळी मला बोलता आलं असतं. दादा, खुंट्या मी हलवल्यात, एवढंच. पण मग चार कामं चोरून बदलल्याचं मुकादमासमोर कबूल करावं लागलं असतं, आणि माझी पाचावर धारण बसली. दादानं टेप गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि चालत घरी गेला. त्यानंतर तो सहा महिने जगला. काही आजार नव्हता. डॉक्टर नुसतेच मान हलवायचे.

४

चौथ्या दिवशी मी उजाडायच्या आत जाऊन बसायचं ठरवलं. कोण येतंय ते एकदा बघून घ्यायचं. वहिनीनं मला दादाच्या खोलीत बसवलं, कारण तिथली खिडकी मागच्या बाजूला उघडते. त्या खोलीत दादा गेल्यापासून मी पाऊल टाकलं नव्हतं. मशीन, एक पलंग, लाकडी कपाट, आणि ती खुर्ची. मी पलंगावर बसलो.

उजेड थोडा वाढल्यावर मला दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं दिसलं. जवळ जाऊन बघितलं. आकडे होते. दोन-दोनच्या जोड्या, एकाखाली एक, दार भरून. प्रत्येक जोडीतले दोन्ही आकडे सारखे. कपाटाच्या बाजूला तसंच. पलंगाच्या फळीवर तसंच. खिडकीच्या चौकटीवर जागा संपली म्हणून ते भिंतीवर उतरले होते.

"दिवसभर मोजत बसायचे," वहिनी म्हणाली. ती मशीनच्या स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली होती. "दार, कपाट, पलंग. कोनाकोनी. मला कडी धरायला बसवायचे. दोन्ही मापं सारखी यायची. मी म्हणायचे, बघा, बरोबर येतंय की तुमचं. तर म्हणायचे, मग बारक्या खोटं कशाला बोलेल? आणि पुन्हा पहिल्यापासून."

मी पुन्हा दारावरच्या आकड्यांकडे वळलो.

"शेवटी मीच वैतागले. म्हटलं, पुरे आता, गेलाय तुमचा हात, मान्य करा आणि स्वस्थ बसा." तिनं खुर्चीकडे बघितलं. "मग बसले स्वस्थ."

तेवढ्यात मागून आवाज आला. लाकडावर हातोडीचा. तीन ठोके, जरा दम, परत तीन.

वहिनी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. घरात आम्ही दोघंच. खिडकी माझ्यापासून दोन पावलांवर होती आणि मी त्यासाठीच भल्या पहाटे येऊन बसलो होतो. पण मला तिकडे मान वळवता येईना. तीन ठोके. मग कुणीतरी जड टाचेनं माती दाबल्याचा आवाज, धप, धप, आणि नंतर चिमण्यांची किलबिल, जी इतका वेळ बंद होती हे मला ती सुरू झाल्यावर कळलं.

"रोज ऐकते मी," वहिनी म्हणाली. "पहिल्या दिवशी तुम्ही वाटलात. तुम्ही नाही म्हणालात, तेव्हापासून विचारायचं सोडलं."

मी बाहेर गेलो तेव्हा तिथं कुणी नव्हतं. मागच्या दोन्ही खुंट्या दोन बोटं सरकलेल्या होत्या.

५

मी त्या पुन्हा उपटणार होतो. गुण्या हातात घेतलाही होता. पण या वेळी लाज वाटली म्हणा, भीती वाटली म्हणा, मी गुण्या भिंतीला टेकवला आणि टेप काढली. पहिल्या खुंटीवरच्या खिळ्याला कडी अडकवली, तिसऱ्या खुंटीपर्यंत गेलो, गुडघ्यावर बसलो, वाचलं.

पंधरा फूट.

दुसरीला कडी अडकवली, चौथीपर्यंत गेलो. मधे कडी दोनदा सुटली, दोनदा परत आलो. वाचलं. पंधरा फूट. नखभरही कमी नाही की जास्त नाही.

मग मी माझ्या जुन्या जागी, जिथं भोकं बुजवलेली होती तिथं, टेप धरून बघितली. एक कर्ण पंधरापेक्षा मोठा आला, दुसरा लहान.

गुण्या खरा आहे की खोटा हे बघायची एक साधी रीत आहे, कुठल्याही नवशिक्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात. सरळ कडेला गुण्या लावून रेघ मारायची, मग तो उलटा करून त्याच जागी लावायचा आणि दुसरी रेघ मारायची. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. मी पायरीच्या फरशीवर रेघ मारली. उलटा केला, दुसरी मारली. दोन्ही रेघा खाली एकत्र होत्या आणि वर जाता जाता फाकत गेल्या होत्या. वरच्या टोकाला मधे माझं बोट बसलं.

लाकूड वाकलं होतं. कधी, कसं, देव जाणे. माझ्या न्हाणीच्या भिंतीला तो टेकवून ठेवलेला असायचा, ओल लागली असेल. वर्षभरात मी तो एकदाही उलटून बघितला नव्हता. दादाचा हात तपासायला मी तो वापरला आणि तो कधी तपासला नाही.

खोल्या मी वाकड्या केल्या होत्या. दादाच्या सगळ्या खुंट्या बरोबर होत्या. मी तिथंच पायरीवर बसलो आणि हमसून हमसून रडलो. वहिनीला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात रुमाल कोंबला, इतकी अक्कल मात्र तेव्हाही शाबूत होती.

६

ऊन चांगलं वर आलं होतं. टेप तशीच पडलेली होती. डबी तिसऱ्या खुंटीजवळ, कडी पहिल्या खुंटीशी, खिळ्यावरून सुटून मातीत. मला काहीतरी आवरायचं होतं, काहीही. मी पहिल्या खुंटीशी उकिडवा बसलो आणि कडी उचलून खुंटीच्या डोक्यावर धरली. पस्तीस वर्षं हेच केलं होतं, हातानं आपोआप केलं.

टेप जमिनीवरून उचलली गेली.

आधी मधला भाग, मग पलीकडचा. झोल निघाला. ती माझ्या बोटांपासून तिसऱ्या खुंटीपर्यंत ताठ झाली. धरणाऱ्यानं पलीकडे बघायचं नसतं, आपल्या अंगठ्याकडे बघायचं असतं, नाहीतर कडी हलते. मी अंगठ्याकडे बघत राहिलो. टेपमधून बारीक थरथर येत होती. वाऱ्याची नव्हती ती. वारा नव्हताच.

मग झोल पडला. डबी मातीवरून चौथ्या खुंटीकडे गेल्याचा आवाज आला. मी उठून दुसऱ्या खुंटीशी बसलो आणि कडी धरली. का बसलो ते विचारू नका. टेप ताठ झाली. थोडा वेळ तशीच राहिली. परत झोल, परत डबी तिसरीकडे, परत मी पहिलीशी. असं किती वेळा झालं मोजलं नाही. पंधरा आणि पंधरा. पंधरा आणि पंधरा. पलीकडून आकडा कुणी वाचत नव्हतं. मला कळलं की हे थांबणार नाही. खुंट्या बरोबर जागी होत्या, त्यानंच त्या आणल्या होत्या, आणि त्यालाच अजून खात्री पटत नव्हती.

तेव्हा मी एकदाच वर बघितलं. चौथ्या खुंटीशी कुणीतरी ओणवं बसलं होतं. चेहरा खाली. मला दिसले ते गुडघे, आणि टेपवर वाकलेला एक हात, मनगटापर्यंत आखणीच्या चुन्याच्या फक्कीनं पांढरा झालेला. तो आकड्यावर अंगठा ठेवत होता, उचलत होता, परत ठेवत होता. मी मान खाली घातली.

"दादा," मी म्हणालो. पुटपुटल्यासारखं. "तुझं बरोबर होतं. तुझं वाचणं कधी चुकलं नाही. खुंट्या मी हलवल्या होत्या. तू घरी गेलास की मी हलवायचो. माझा गुण्या वाकडा होता आणि मी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं. ऐकतोयस ना?"

टेप ताठच राहिली. थरथर तशीच येत होती.

मागं दाराची कडी वाजली. वहिनी पायरीवर येऊन उभी होती. केव्हापासून, मला माहीत नाही, पण तिचा चेहरा बघितला आणि तिनं सगळं ऐकलंय हे समजलं. हातातलं अर्धवट शिवलेलं कापड पायाशी पडलं होतं. मला वाटलं आता ती मला घराबाहेर काढेल, आणि तिनं काढलं असतं तर मी गेलोही असतो. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या डोक्यावरून पलीकडे, चौथ्या खुंटीकडे बघत होती.

"मोठ्यानं सांगा, भावजी," ती म्हणाली. "शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू यायचं."

मी मोठ्यानं सांगितलं. पहिल्यापासून, सगळं, चारही कामांची नावं घेऊन. शेजारच्या खिडक्या उघडल्या. कुणीतरी विचारलं काय झालं. माझ्या बोटांतली टेप तशीच ताणलेली होती.

"अजून मोठ्यानं," वहिनी म्हणाली.